वॉटर्लू स्ट्रीटची जपानी शाळा आणि युद्धात वाचलेली बाग

आज आपण सिंगापूरला जाणार आहोत. शॉपिंगला नाही, एक जुनी शाळा आणि एक बाग बघायला. ऐकता ऐकता नकाशा उघडलात तरी चालेल.

शहराच्या मध्यात वॉटर्लू स्ट्रीट आहे. तिथे श्रीकृष्णाचं देऊळ आहे, शेजारीच चिनी लोकांचं क्वान यिन देवीचं मंदिर, थोडं पुढे ज्यूंचं सिनेगॉग. आणि देवळाच्या समोरच्या बाजूला स्टॅमफर्ड आर्ट्स सेंटर. आज तिथे नाच-गाण्याच्या तालमी चालतात. पण ही इमारत उभी राहिली 1920 च्या सुमारास, आणि ती होती जपानी मुलांची प्राथमिक शाळा.

आता तुम्ही म्हणाल, ब्रिटिशांच्या सिंगापूरमध्ये जपानी मुलं कुठून आली? तर इथूनच जवळ, मिडल रोडच्या आसपास, जपानी वस्ती होती. सुरुवातीला आलेल्यांमध्ये बऱ्याच गरीब घरच्या मुली होत्या. वेश्याव्यवसायासाठी त्यांना परदेशी आणलं जायचं. त्यांना ‘कारायुकी-सान’ म्हणत. त्यांच्यामागोमाग दुकानदार, डॉक्टर, फोटोग्राफर, मासेमार आले. आणि मग रबराच्या मळ्यांत पैसा लावणारे आले.

रबर म्हटलं की आपली दुसरी जागा आलीच: सिंगापूर बोटॅनिक गार्डन. शाळेपासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर. 1859 साली सुरू झालेली ही बाग. 1877 मध्ये लंडनच्या क्यू गार्डनमधून इथे रबराची रोपं आली. झाड ब्राझीलचं, इथे कुणाला त्याचं फारसं कौतुक नव्हतं. 1888 मध्ये हेन्री रिडली बागेचा प्रमुख झाला आणि रबराच्या मागेच लागला. झाड न मारता सालीला तिरके काप देऊन पुन्हा पुन्हा चीक कसा काढायचा, हे त्याने प्रयोगातून दाखवलं. लोक त्याला ‘वेडा रिडली’ म्हणायचे. पण मोटारी आल्या, टायर आले आणि मलायात रबराची लाटच आली. त्या लाटेबरोबर जपानी मळेवालेही आले. कुटुंबं स्थिरावली, मुलं झाली, शाळा हवी झाली. 1912 मध्ये शाळा सुरू झाली आणि काही वर्षांनी वॉटर्लू स्ट्रीटवर स्वतःच्या इमारतीत गेली.

मग आला डिसेंबर 1941. जपानने मलायावर हल्ला केला आणि ब्रिटिशांनी सिंगापूरमधल्या जपानी नागरिकांना पकडायला सुरुवात केली. बायका, म्हातारी माणसं, शाळेत जाणारी मुलं, सगळ्यांनाच. त्यांना कुठे नेलं माहितेय? भारतात! दिल्लीच्या पुराना किल्ल्यात तंबू ठोकून त्यांना ठेवलं. मलाया-सिंगापूर आणि आसपासचे मिळून सुमारे तीन हजार लोक. 1942 च्या ऑगस्टमध्ये दोन्ही बाजूंनी कैद्यांची अदलाबदल केली, तेव्हा त्यांतले काही जण आपल्या मुंबई बंदरातून जहाजाने निघाले. बाकीचे पुढे राजस्थानात देवळीच्या छावणीत गेले.

इकडे 15 फेब्रुवारी 1942 ला सिंगापूर पडलं. शहराचं नाव झालं ‘श्योनान’. हजारो चिनी नागरिकांना वेचून ठार मारण्यात आलं. गोरे नागरिक चांगीच्या तुरुंगात गेले. बागेचं काय होणार? बागेत कॉर्नर नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. हा गडी माकडांना शिकवून उंच झाडांवरून नमुने काढून घ्यायचा! त्याने ब्रिटिश गव्हर्नरकडून चिठ्ठी मिळवली: संग्रहालय आणि बागेतला संग्रह जपावा, अशी विनंती. ती घेऊन तो थेट जपानी अधिकाऱ्यांकडे गेला.

आणि जपानी बाजूनेही माणसं भेटली. आधी प्राध्यापक तानाकादाते, मग क्योतोचे वनस्पतिशास्त्रज्ञ कोरिबा, त्यांच्यावर मार्क्विस तोकुगावा. कॉर्नर आणि बागेचा संचालक होल्टम यांना त्यांनी तुरुंगाबाहेर कामावर ठेवलं. वाळवलेल्या नमुन्यांचा खजिना वाचला, पुस्तकं वाचली, झाडं वाचली.

छान गोष्ट ना? थांबा. कॉर्नरचेच देशबांधव चांगीत उपाशी मरत होते. त्यांच्यातल्या काहींच्या लेखी तो शत्रूशी हातमिळवणी करणारा ठरला. बागेतल्या काही पायऱ्यांच्या विटांवर आजही बाणाच्या खुणा दिसतात. त्या विटा ऑस्ट्रेलियन युद्धकैद्यांच्या हातच्या आहेत. म्हणजे एकाच बागेत एक कैदी संशोधन करत होता, आणि दुसऱ्यांनी घडवलेल्या विटांवर आपण चालतो.

मला वाटतं, कॉर्नर चुकला नाही. पण वाचलेल्या झाडांची गोष्ट सांगताना न वाचलेल्या माणसांची गोष्ट गाळली, तर मात्र आपण चुकतो.

युद्धानंतर जपान्यांना मायदेशी धाडलं. शाळेच्या इमारतीत पुढे स्टॅमफर्ड गर्ल्स स्कूल भरली आणि 1988 पासून तिथे कलाकेंद्र आहे. सिंगापुरात जपानी शाळा पुन्हा सुरू व्हायला 1966 उजाडलं. बाग 2015 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली.

बागेला जगभरचे लोक येतात. शाळेसमोर फारसं कुणी थांबत नाही. तुम्ही गेलात तर थांबा. वह्या-दप्तरं टाकून तंबूत राहायला गेलेली ती मुलं आठवा. आणि दिल्लीत पुराना किल्ला बघाल, तेव्हाही आठवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!