कुत्र्याच्या खुब्याची गोष्ट

कुत्र्याचाही खुबा बदलतात असं म्हटलं की गटातल्या बायका आधी हसतात. मग विचारतात, माणसाचं बघून कुत्र्याला केलं असेल ना? पण ही देवाणघेवाण दोन्हीकडून झाली आहे.

खुबा म्हणजे उखळीचा सांधा. कमरेच्या हाडात वाटी, तिच्यात मांडीच्या हाडाचा गोळा. अल्सेशियनसारख्या मोठ्या जातींच्या काही पिल्लांची वाटी उथळ राहते. गोळा सैल फिरतो, सांधा झिजतो. उठताना जनावर अवघडतं, मागचे दोन्ही पाय एकदम टाकत सशासारखं पळतं. अमेरिकेतले पशुवैद्य गेरी श्नेल यांनी 1930 च्या दशकात हा आजार नोंदवला.

1957 साली हॅरी गोर्मन या अमेरिकी पशुवैद्यांनी कुत्र्यांना बसवलेल्या कृत्रिम खुब्यावर लेख छापला. माणसालाही तो उपयोगी पडेल, हे लेखाच्या मथळ्यातच होतं. 1962 मध्ये इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी माणसाला धातूचा गोळा आणि टणक प्लॅस्टिकची वाटी बसवली. तीच रीत पुढे कुत्र्यांकडे आली. 1974 च्या सुमारास कुत्र्यांसाठी तयार सांधा मिळू लागला. 1983 साली ओहायोच्या डॉक्टरांनी अशा 221 शस्त्रक्रियांचा पाच वर्षांचा हिशेब मांडला.

ही शस्त्रक्रिया महागडी. साधा उपाय 1961 पासून माहीत आहे: दुखरा गोळाच काढून टाकायचा, मग आजूबाजूचे स्नायू भार पेलतात. हलक्या कुत्र्याला तो जास्त मानवतो. हा आजार आईबापाकडून पिल्लात उतरतो, म्हणून अमेरिकेत 1966 पासून पैदाशीच्या कुत्र्यांचे एक्स-रे तपासणारी संस्था आहे. बोकड निवडताना आपण त्याचे आईबाप बघतो, तसंच हे.

आता कामाचं. राखणीचा कुत्रा लंगडत असेल तर त्याचं वजन वाढू देऊ नका, पशुवैद्याला दाखवा. आपल्या दुखण्याची गोळी त्याला देऊ नका, ती जिवावर बेतू शकते. आणि मैत्रिणींनो, कुत्रा लंगडला की घरात सगळ्यांना दिसतं. आपण मात्र खुबा दुखत असताना हंडा उचलतो आणि कुणाला सांगत नाही. गटातली बाई लंगडताना दिसली तर तिला एकटीला पाठवू नका, सोबत दवाखान्यात जा.