पांडुरंग खानखोजे : सैनिकाचा शिक्षक होताना

हरिहरेश्वरला ओहोटीच्या वेळी प्रदक्षिणेची वाट मोकळी होते. खडकांवरून चालताना समोर नुसता अरबी समुद्र असतो. पहिल्या महायुद्धात याच समुद्राच्या पल्याडच्या इराणात वर्ध्याचा एक मराठी तरुण इंग्रजांविरुद्ध शस्त्र घेऊन उभा होता आणि बलुचिस्तानच्या बाजूने मायदेशात शिरण्याचा मनसुबा रचत होता. तो मनसुबा फसला. मात्र पुढे तोच तरुण मेक्सिकोत शेतीविज्ञानाचा प्राध्यापक झाला. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांच्या चरित्राचे हे दोन भाग आपण कसे वाचतो, हा या टिपणाचा विषय आहे.

खानखोजे यांचा जन्म १८८४ चा. टिळकांच्या प्रभावाखाली वाढलेल्या या मुलाने १९०६ मध्ये देश सोडला आणि जपानमार्गे अमेरिका गाठली. कॅलिफोर्नियात त्यांनी लष्करी विद्यालयात शिक्षण घेतले. ऑरेगन व वॉशिंग्टन येथे कृषिशास्त्राचा अभ्यास केला. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गदर चळवळीत लष्करी संघटनेची बाजू त्यांच्याकडे होती. येथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. कवायत आणि बी-बियाणे यांचा अभ्यास त्यांनी एकाच काळात केला. म्हणजे सैनिक हरला म्हणून शास्त्रज्ञ जन्माला आला, असे झालेले नाही. विदर्भातल्या दुष्काळांच्या छायेत वाढलेल्या माणसाला पारतंत्र्य आणि उपासमार हे दोन वेगळे प्रश्न वाटत नसावेत.

इराणात ते स्थानिक टोळ्यांच्या साथीने लढले, जखमी झाले, पकडले गेले आणि निसटले. युद्ध संपल्यावर बर्लिन, मग १९२१ मध्ये मॉस्को, अशी वणवण झाली. मायदेशाचे दार इंग्रज सरकारने बंद केलेले होते. १९२४ मध्ये ते मेक्सिकोत पोहोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात शिकवू लागले. त्या संस्थेच्या ब्रीदाचा आशय मोठा मार्मिक आहे : जमिनीचे दोहन शिकवावे, माणसाचे नव्हे. साम्राज्याशी लढून आलेल्या शिक्षकाला याहून योग्य वर्ग मिळणे कठीण होते.

मेक्सिकोत १९१० च्या क्रांतीनंतर जमिनीचे फेरवाटप सुरू झाले होते. पण जमीन हाती आली म्हणून पीक हाती येतेच असे नाही. शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढण्यात खानखोजे यांचा पुढाकार होता, तो याच जाणिवेतून. विद्यालयाच्या भिंतींबाहेर पडून हे विज्ञान थेट कसणाऱ्यापर्यंत जाऊ लागले. प्रयोगशेतीत त्यांनी गहू आणि मका यांवर काम केले. मका आणि त्याचा रानटी आप्त तेओसिंते यांच्या संकराचे प्रयोग केले. छायाचित्रकार तिना मोदोत्ती यांनी या कामाची छायाचित्रे टिपली. दिएगो रिवेरा यांनी १९२८ च्या सुमारास मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रंगवलेल्या चित्रात जेवणाच्या मेजाच्या अग्रभागी बसून भाकरी मोडणारा माणूस खानखोजेच, असे मानले जाते. क्रांतिकारकाच्या हातात चित्रकाराने बंदूक दिली नाही, भाकरी दिली. आपल्या चरित्रलेखनाला जे जमले नाही ते या चित्राने सहज केले आहे.

कारण आपल्याकडे या आयुष्याचा पूर्वार्ध तेवढा गौरवाचा ठरतो. देशभक्तांच्या यादीत नाव घातले की उत्तरार्धाची दोन ओळींत बोळवण होते. वीणा गवाणकर यांनी खानखोजे यांचे सविस्तर मराठी चरित्र लिहिले. कन्या सावित्री साहनी यांनी इंग्रजीत लिहिले. गवाणकरांच्याच 'एक होता कार्व्हर' या पुस्तकातला अमेरिकन कृषितज्ज्ञ शिक्षक मराठी वाचकाने घरातला मानला. मात्र त्याच लेखिकेने दाखवलेला वर्ध्याचा शिक्षक त्या मानाने परका राहिला. कार्व्हरची कथा शेतातून सरळ पुढे जाते. खानखोजे यांची कथा रणांगणातून शेताकडे वळते, आणि वीरकथेची सवय झालेल्या वाचकाला हे वळण माघारीसारखे वाटते, असे मला वाटते.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये ते शेतीविषयक सल्ल्यासाठी मध्य प्रांतात आले आणि १९५५ पासून नागपुरात स्थायिक झाले. १९६७ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. वयाची उमेदीची सुमारे तीस वर्षे ज्या ज्ञानाने परदेशी शेतकऱ्याची सेवा केली, ते ज्ञान मायदेशी येईपर्यंत ज्ञानी माणूस सत्तरीला टेकला होता. गुलामगिरीने आपले काय नेले याचा हिशेब आपण सोन्यानाण्यात मांडतो. एक शिक्षक गेला, ही नोंद त्या हिशेबात कुठे करायची? विद्यार्थ्यांना चरित्र हा वाङ्मयप्रकार शिकवताना हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा.