मिकूची गाणी कोणी घडवली?

संगणकाकडून गाऊन घेण्याची कल्पना ना जपानची, ना या शतकातली. १९६१ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये आयबीएमच्या संगणकाने ‘डेझी बेल’ हे जुनं गाणं म्हणून दाखवलं होतं. गायिकेला रेखलेला चेहरा देण्याचा प्रयोगही जुनाच. १९९६ मध्ये जपानच्या होरीप्रो कंपनीने क्योको दाते ही संगणकावर रेखलेली गायिका बाजारात आणली. ती फार टिकली नाही. २००४ मध्ये यामाहाच्या व्होकलॉइड या संगणकाकडून गाऊन घेण्याच्या तंत्रावरचे लिऑन आणि लोला हे आवाज आले, पण बेताचेच चालले. मग ३१ ऑगस्ट २००७ रोजी साप्पोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडिया या कंपनीने त्याच तंत्रावर आणलेली हात्सुने मिकू ही रेखलेली गायिकाच एवढी का रुजली? आवाज सुधारला आणि चित्र मोहक होतं, हे नेहमीचं उत्तर मला अपुरं वाटतं. मिकू मोठी झाली ती कंपनीने तिच्यावरचा हक्क सैल सोडल्यामुळे, आणि हौशी संगीतकारांनी त्या मोकळीकीचं सोनं केल्यामुळे.

मिकूच्या आवाजाचे तुकडे फुजिता साकी या आवाज-अभिनेत्रीने ध्वनिमुद्रित केलेले आहेत. संगीतकार पडद्यावर प्रत्येक स्वरासाठी एक आडवी पट्टी ओढतो आणि तिच्यावर शब्दाचं एकेक अक्षर बसवतो. एवढ्यावर सोडलं तर गाणं सपाट वाटतं. व्यंजन किंचित आधी उमटवायचं, लांबलेल्या स्वराला कंप किती आणि कुठून द्यायचा, श्वास कुठे ऐकू यायचा, हे सारं हाताने करावं लागतं. म्हणूनच दोघांची मिकू सारखी गात नाही. २००७ च्या सप्टेंबरात निकोनिको या संकेतस्थळावर ‘इएव्हान पोल्का’ या फिनिश गाण्याची मिकूच्या आवाजातली चित्रफीत आली. तिच्यात मिकूच्या हाती कांद्याची पात दिली होती. कंपनीच्या मूळ चित्रात पात नव्हती, तरी ती मिकूची ओळख होऊन बसली. डिसेंबरात ‘मेल्ट’ हे मिकूच्या आवाजातलं गाणं आलं आणि कित्येकांनी ते स्वतः गायलं. त्याच महिन्यात क्रिप्टनने पियाप्रो हे संकेतस्थळ उघडलं. नफा कमवायचा नसेल तर मिकूचं चित्र कोणीही काढावं आणि वापरावं, अशी वाट त्यातून मोकळी झाली.

यावर कोणी म्हणेल, खरं श्रेय निकोनिकोचं. ते २००६ च्या डिसेंबरात सुरू झालं, आणि त्याआधी आलेला क्रिप्टनचाच काइतो हा आवाज चित्र असूनही सुरुवातीला खपला नव्हता. यात तथ्य आहे. निकोनिको नसतं तर ही गाणी लोकांपर्यंत पोहोचलीच नसती. पण कंपनीने नोटिसा पाठवायचं ठरवलं असतं तर तिथे दाखवायला काय उरलं असतं? दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: यंत्राने माणसाचा गळा हिरावला. इतिहास मात्र उलट सांगतो. ‘हाची’ या नावाने मिकूसाठी गाणी रचणारा योनेझु केन्शी २०१२ पासून स्वतःच्या नावाने, स्वतःच्या गळ्याने गाऊ लागला आणि जपानच्या आघाडीच्या गायकांत जाऊन बसला. हाताशी गायक नसलेल्या तरुणांना मिकूने रचनाकार होण्याची संधी दिली. आणि हा निव्वळ पोरखेळ नव्हता: इलेक्ट्रॉनिक संगीतातले ज्येष्ठ रचनाकार तोमिता इसाओ यांनी २०१२ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, आपल्या ‘इहातोव्ह’ सिम्फनीत तिला एकल गायिकेचं स्थान दिलं. आज एका ओळीच्या सूचनेवर अख्खं गाणं तयार करणाऱ्या यंत्रांची पूर्वज म्हणून मिकूचं नाव घेतलं जातं, ते मला मान्य नाही. तिच्या गाण्यातलं प्रत्येक अक्षर कोणीतरी बसून जागेवर बसवलेलं आहे. तिचं गाणं ऐकाल तेव्हा त्या रचनाकाराचं नाव जरूर शोधा. जपानी रसिक गाणं त्याच नावाने ओळखतात.