जिभेला न पुरणारे केस

परवा शनिवारी सकाळी आमच्या ढगूला भूल देऊन त्याचे अर्धे केस काढावे लागले. ढगू म्हणजे आमचा पर्शियन बोका, वय वर्षं दीड. ऑफिसात रिलीजची धांदल चालू होती, त्यात तीन आठवडे त्याच्या अंगाला कंगवा लागला नाही. काखेत, कानांमागे, पोटाखाली जटा झाल्या. इतक्या घट्ट, की पाऊल टाकलं तरी कातडी ओढली जायची. डॉक्टरांनी त्या भादरल्या तेव्हा खाली त्वचा लालभडक! जाम अपराधी वाटलं.

घरी आल्यावर आई म्हणाली, "आजीच्या मनीला कुणी कधी कंगवा लावला होता का रे? मांजर आपलं आपण स्वच्छ राहतं."

मुद्दा बिनतोड होता. मनीला जमायचं ते ढगूला का जमू नये? उरलेला वीकेंड ह्या एका प्रश्नात गेला.

आधी जिभेबद्दल. मांजराच्या जिभेवर घशाच्या दिशेने वळलेले बारीक काटे असतात, आपली नखं ज्या केराटिनची असतात त्याचेच. २०१८ साली अमेरिकेत जॉर्जिया टेकच्या अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी दाखवलं की ह्या काट्यांची टोकं पोकळ असतात. त्या पोकळीत लाळ भरून ती थेट कातडीपर्यंत पोचवली जाते. मग त्यांनी हिशोब मांडला - चाटताना केस दाबले गेले की काटा कातडीला टेकतो का? वाघ-सिंहांपासून घरच्या मांजरापर्यंत जवळपास सगळ्यांचा टेकतो. अपवाद कोण? पर्शियन! म्हणजे ढगू आळशी नाही, त्याचं हत्यारच तोकडं पडतं.

मग एवढे लांब केस आले कुठून? मांजरात एफजीएफ५ नावाचं जनुक असतं. केसाला 'बास, आता वाढ थांबव' असा निरोप देणं हे त्याचं काम. हे जनुक बिघडलं की केस वाढतच राहतात. लूपमधून बाहेर पडायची कंडिशनच उडाली म्हणा ना! असे बिघाड २००७ साली शोधून काढले गेले. आई आणि बाप दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच पिल्लू लांब केसांचं होतं.

बिघाड निसर्गाचा, पण त्याची हौस माणसाची. पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी १६२० साली इराणात इस्फहानला होता. खोरासानच्या मांजरांचे रेशमासारखे केस आणि खारीसारखी झुपकेदार शेपटी पाहून तो इतका भाळला की त्याने काही जोड्या रोमला न्यायचं ठरवलं. पोर्तुगिजांनी ही मांजरं इराणातून हिंदुस्थानात आणल्याचंही तो नोंदवतो. (हा गृहस्थ पुढे १६२३ मध्ये स्वतः सुरतेला आणि गोव्याला येऊन गेला.) त्याच सुमारास तुर्कस्तानातली अंगोरा मांजरं फ्रान्सच्या श्रीमंत घरांत पोचत होती. अंगोरा म्हणजे आजचं अंकारा.

पण ही मांजरं ढगूसारखी चपट्या नाकाची आणि एवढ्या दाट लोकरीची नव्हती. तो प्रकार नंतरचा. १३ जुलै १८७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर या चित्रकाराने मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं. हेतू चांगला होता, लोकांनी मांजरांची कदर करावी, त्यांना नीट वागवावं. पण बक्षीस आलं की स्पर्धा आली. केस जितके लांब आणि दाट, तितकं कौतुक. मग पिढ्यानपिढ्या तशाच जोड्या लावल्या गेल्या. वेअर १८८७ साली नॅशनल कॅट क्लबचा पहिला अध्यक्ष झाला आणि काही वर्षांतच बाहेर पडला. सभासदांना मांजरांच्या भल्यापेक्षा बक्षिसांत जास्त रस आहे, अशी त्याची तक्रार होती.

थोडक्यात, फीचर आपण मागितलं आणि मेंटेनन्स मांजरावर ढकलला. जिभेला न पुरणारे केस आपण निवडले, तर ते विंचरायचं कामही आपलंच. क्लायंटने असं केलं असतं तर मी चार ठिकाणी बोंबललो असतो!

आता रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटं ढगूची. स्टीलचा रुंद दातांचा कंगवा, मग बारीक दातांचा. आधी काख, पोट, कानांमागे, कारण गुंता तिथेच सुरू होतो. छोटा गुंता बोटांनी मोकळा करायचा. अंघोळ घालायची तर गुंता सोडवून झाल्यावरच, ओला झाला की तो आणखी आवळतो. कात्री अजिबात नाही, जटेबरोबर पातळ कातडीही सहज कापली जाते. डोळ्यांतून येणारं पाणी ओल्या कापसाने पुसायचं आणि शेपटीखालचे केस डॉक्टरांकडून आखूड करून घ्यायचे.

हे सगळं आईला सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "म्हणजे मनी सुखी होती म्हणायची."

होती खरी. सध्या अर्धा बोडका ढगू माझ्या कीबोर्डवर पसरलाय. दहा वाजले, कंगवा शोधतो.