मिक्सर, फेस आणि आजोबांचे गांधीजी

परवाच्या शनिवारी घरी कोल्ड कॉफी केली. बायको माहेरी, रिलीज पुढे ढकललेला, बाहेर ऊन मी म्हणत होतं. रात्री बर्फाच्या ट्रेमध्ये दूध गोठवून ठेवलं होतं. ते खडे, साखर, इन्स्टंट कॉफी आणि वरून थोडं गार दूध असं सगळं भांड्यात घातलं, झाकणावर तळहात दाबला आणि बटण फिरवलं. मिनिटभरात काठापर्यंत फेस! ग्लासात ओतताना आठवलं, या घर्रर्र आवाजावरून आमच्या वर्ध्याच्या घरात दोन वर्षं शीतयुद्ध चाललं होतं.

आमचे आजोबा पक्के खादीवाले. वाटणाला पाटा-वरवंटा, दाण्याच्या कुटाला खलबत्ता आणि ताकाला रवी. हे चालवायचं कोणी? आईने. ती शाळेत शिक्षिका, दहाला घराबाहेर पडायची. त्याआधी दोघांचे डबे, आजोबांचं पथ्याचं आणि ताक. मे महिन्यात पारा ४५-४६ वर, स्वयंपाकघरात त्याहून जास्त. तिने मिक्सरचा विषय काढला की आजोबांचं एकच उत्तर, "काऊन? वाटायले हात नाहीत काय?"

(फ्रिज मात्र आधीच आला होता, आजोबांच्या इन्सुलिनसाठी. त्याला तात्त्विक विरोध झाल्याचं मला आठवत नाही.)

आजोबांची बाजूही सांगायला हवी. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ वर्ध्यात स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी आपली बाग दिली, तिचं मगनवाडी झालं. कुमारप्पांनी तिथे घाणी, जातं, हातसडीचा तांदूळ यांवर अक्षरशः संशोधन केलं. १९३६ पासून गांधीजी सेवाग्रामला. १९३८ च्या डिसेंबरात मगन संग्रहालय उघडलं. या गावात वाढलेल्या माणसाला विजेवरची चटणी म्हणजे धर्म बुडाल्यासारखं वाटलं, तर त्यात नवल नाही.

आता गंमत बघा. हे यंत्र मुळात चटणीसाठी नव्हतंच, ते फेसासाठी होतं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या रेसीन गावी हॉर्लिक्सची कंपनी होती. तिथेच स्टीफन पोप्लावस्की नावाच्या माणसाने १९२२ च्या सुमारास भांड्याच्या तळाशी फिरणारं पातं बसवलं. कशासाठी, तर सोडा फाउंटनवर माल्टेड मिल्क घुसळायला. पुढे १९३७ मध्ये फ्रेड वॉरिंग या चक्क बँडवाल्याने ब्लेंडर लोकांसमोर आणला आणि त्यात बर्फाची कॉकटेल्स होऊ लागली. म्हणजे दूध, बर्फ, हवा. त्यात उडदाची डाळ कोणाच्या स्वप्नातही नव्हती.

त्यामुळे ही परदेशी मिक्सरं आपल्याकडे आली की हाय खायची. मुंबईत सत्यप्रकाश माथुर नावाचे सीमेन्समध्ये काम करणारे इंजिनीअर होते. १९६३ मध्ये त्यांच्या पत्नी माधुरी यांचा जर्मन ब्राउन मिक्सर बंद पडला. वाटणाचा भार बिचाऱ्याला झेपला नाही आणि दुरुस्तीची सोयही इथे नव्हती. माथुरांनी नोकरी सोडली आणि भारतीय वाटणाला पुरून उरेल अशी दणकट मोटर असलेला मिक्सर बनवला. तोच सुमीत. आज आपण 'मिक्सर-ग्राइंडर' म्हणतो ते सगळं त्याच वळणावरचं. फेस काढायचं यंत्र आपल्याकडे येऊन पाटा-वरवंटा झालं, आणि ते एका बाईचं काम अडलं म्हणून झालं. रिक्वायरमेंट अशी यावी लागते, असो.

आमच्याकडे १९९१ साली आईने भिशीच्या पैशातून मिक्सर आणला. मुद्दाम बजाजचा. १९३८ मध्ये रेडिओ लॅम्प वर्क्स नावाने नोंदलेल्या कंपनीला १९६० मध्ये बजाज इलेक्ट्रिकल्स हे नाव मिळालं, हा इतिहास तिला ठाऊक नव्हता. पण डाव पक्का होता. "जमनालालजींच्या घरचा आहे, बाबा," एवढंच ती म्हणाली. आजोबा उठून बाहेर ओसरीवर गेले.

त्या उन्हाळ्यात आम्ही भावंडांनी पहिल्यांदा कोल्ड कॉफी प्यायली. आई दुधावरची साय लोण्यासाठी आधीच काढून ठेवायची, आणि फेस भरपूर यायचा तो त्यामुळेच. दुधातली प्रथिनं हवेच्या बुडबुड्याभोवती पापुद्रा धरतात, स्निग्धांश कमी असला की तो पापुद्रा जास्त टिकतो. हे मला फार नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळायचं की भांडं एकच असल्याने कॉफीला किंचित लसणाचा वास येतो.

आणि ताक? आजोबा सकाळी फिरायला गेले की आई विरजण, बर्फाचे दोन खडे आणि पाणी मिक्सरमधून काढायची, भांडं धुऊन पालथं घालायची आणि रवी ओली करून खुंटीला टांगायची. जेवताना आजोबा मिशीचा फेस पुसत म्हणायचे, "आज ताक चांगलं झालं." असं कित्येक महिने.

आजोबा गेल्यावर त्यांच्या कपाटातली 'हिंद स्वराज्य'ची इंग्रजी प्रत मी पुण्याला आणली. तिच्यात महादेवभाई देसाईंची प्रस्तावना आहे, १९३८ ची, वर्ध्याहूनच लिहिलेली. तीत १९२४ सालचा एक संवाद दिलाय. रामचंद्रन नावाचा तरुण गांधीजींना विचारतो, तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का? गांधीजी अपवाद करतात तो सिंगरच्या शिवणयंत्राचा. त्यांचं म्हणणं असं की बायको हाताने टाके घालताना दमते हे सिंगरला बघवलं नाही आणि तिच्यावरच्या प्रेमापोटी त्याने यंत्र केलं. मग असलं यंत्र बनवणारा कारखाना चालेल का? तर चालेल, पण तो सरकारी किंवा सरकारच्या ताब्यातला हवा.

म्हणजे सुमीतची गोष्ट जवळजवळ तीच, चाळीसेक वर्षं आधी! मी खुर्चीतच ताठ बसलो. आणि मग दिसलं, त्या परिच्छेदाशेजारी समासात पेन्सिलची रेघ होती. रेघ आजोबांची. त्यांची पुस्तकं दुसरं कोणी हाताळत नसे.

परवा कॉफी पिता पिता आईला फोन लावला आणि हे सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. तिचा उजवा खांदा आता वर जात नाही, हे मला माहीत आहे.

"रेघ मिक्सर यायच्या आधी मारली असेल की नंतर?" मी विचारलं.

"ते आता कोणाले विचारतोस?" ती म्हणाली. मग जरा थांबून, "ताक करशील तं बर्फ आधी फोडून घे. नाहीतर झाकण उडते."