गळ, खडक आणि कामगारांची सुट्टी

समुद्रतळी जेथे खडक असतो वा बुडालेले जहाज पडलेले असते, तेथे मासळी आसऱ्यास येते. शिशाचे वजन बांधून तेथेच गळ सोडावयाचा, हा छंद न्यूयॉर्कच्या कष्टकऱ्यांत फार. त्यांच्यासाठी माँटॉक बंदरास खास आगगाडी जात असे.

१ सप्टेंबर १९५१. अमेरिकेतील कामगारदिनास जोडून आलेला शनिवार. गाडीतून उतरलेली माणसे 'पेलिकन' बोटीवर चढली. बोट ४२ फुटी, वर माणसे ६४! परतीच्या वाटेवर एक इंजिन बंद पडले, वारा खवळला, बोट कलंडली. ४५ जीव गेले.

एवढ्या लहान बोटी तपासण्याची सक्तीच तेव्हा कायद्यात नव्हती. सहांहून अधिक उतारू नेणाऱ्या बोटींसाठी ती आली १९५६ साली.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची सुट्टी मिळाली. आम्हीही संघटनेत उभा जन्म तासांचा आणि पगाराचा हिशेब मांडला. पण सुट्टी मिळविली की काम संपले, असे नव्हे. सुट्टीस गेलेला माणूस संध्याकाळी सुखरूप घरी परतला पाहिजे, हीदेखील आमची मागणीच आहे.