बारा बिटांचा वारसा

भारताने इलेक्ट्रॉनिक्समध्ये स्वावलंबी व्हावे, अशी दिशा भाभा समितीच्या १९६६ च्या अहवालाने दिली. १९६७ मध्ये हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया स्थापन झाली आणि १९६९ मध्ये ‘ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर’, अर्थात टीडीसी-१२, सिद्ध झाला. नावातला १२ हा आकडा शब्दलांबीचा: हे यंत्र एका वेळी बारा बिटांचा शब्द हाताळीत असे.

अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९६५ मध्ये १८,००० डॉलरना बाजारात आणलेल्या पीडीपी-८ ची शब्दलांबीही हीच होती. एखाद्या प्रयोगशाळेला स्वतःचा संगणक परवडू शकतो, हे त्या यंत्राने सिद्ध केले आणि ‘मिनिकॉम्प्युटर’ हा वर्ग रुजला.

बारा बिटांत संसार करायचा म्हणजे काटकसर आलीच. पीडीपी-८ मध्ये त्यांपैकी तीन बिट आज्ञेला दिलेले असत. म्हणून मूळ आज्ञा आठच. वजाबाकीची स्वतंत्र आज्ञा नव्हती. संख्येचा पूरक काढून बेरीज करावी लागे. मूळ स्मृती ४,०९६ शब्दांची, फेराइटच्या सूक्ष्म कड्यांची. शब्द वाचला की तो पुसला जाई, म्हणून यंत्र तो लगेच पुन्हा लिहून ठेवी. मात्र वीज गेली तरी कड्यांतील चुंबकत्व टिकून राही.

स्मृती कोरी असेल, तर कागदी पट्टी कशी वाचायची हेही यंत्राला ठाऊक नसे. चालक दर्शनी फलकावरील स्विच वरखाली करून ती छोटी आज्ञावली एकेक शब्दाने भरीत असे. मग पट्टी लावायची. टेलिटाइपचा वेग सेकंदाला दहा ओळी. एका शब्दाला दोन ओळी. संपूर्ण स्मृती भरायला जवळजवळ चौदा मिनिटे लागत. तो स्विचांचा क्रम अनेकांच्या बोटांना पाठ झाला होता.

पीडीपी-८ कुळातील ५०,००० हून अधिक यंत्रे विकली गेली. त्यामुळे हौशी मंडळींनी त्यांची माहितीपुस्तके, मंडलचित्रे व आठवणी जमवल्या. आज ते यंत्र घरच्या संगणकावर आभासी रूपात चालवता येते. टीडीसी मालिकेतील यंत्रे त्या मानाने फारच थोडी बनली. म्हणूनच ती हाताळलेल्या प्रत्येक अभियंत्याच्या आठवणीचे मोल अधिक आहे. आज्ञांचे कोष्टक हरवले, तर जपून ठेवलेली पट्टीही केवळ छिद्रांची रांग उरते. आणि अमुक भाग मिळत नव्हता म्हणून तमुक मंडल का बदलले, हे तर बहुधा कोष्टकातही नसते.

आपल्या विभागातील कपाटे रिकामी करण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी त्यांतील जुनी मंडलचित्रे पाहावीत आणि निवृत्त अभियंत्यांना गाठून प्रश्न विचारावेत. कागद नंतरही वाचता येतील. माणसांना मात्र आजच विचारले पाहिजे.